बिल्ड ‘कधी कधी’ फेल होतो, त्याविषयी

(आमच्याकडे बिल्ड सर्व्हर सांभाळायला दिलेल्या ग्राहकांसाठी)

वाळूज-चिकलठाण्याच्या मशीनवाल्या ग्राहकांचे फोन बहुतेक याच कारणाने येतात: “काल बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं) झाला, आज त्याच कोडवर फेल. परत चालवला तर झाला!” सर्व्हरला दोष देण्याआधी मेकफाइल (बिल्डचे नियम लिहिलेली फाइल) उघडा. एखादी डिपेंडन्सी (कोणतं काम कशावर अवलंबून आहे ती नोंद) लिहायची राहिलेली असते.

पुरणाचा स्वयंपाक आठवा. डाळ शिजेपर्यंत कणीक मळून होते. येळवणी काढली की एकीकडे आमटीला फोडणी, दुसरीकडे पुरण वाटणं. पोळीला मात्र पुरण आणि कणीक दोन्ही तयार लागतात. एकच माणूस रांधत असेल तर क्रम सांगावा लागत नाही. चौघं हाताखाली आले की सांगावा लागतो.

मेकचं, म्हणजे मेकफाइल वाचून बिल्ड करणाऱ्या टूलचं, तसंच. नुसतं चालवलं तर कामं एकामागून एक होतात आणि राहिलेली डिपेंडन्सी वर्षानुवर्षं झाकून जाते. ‘-जे ८’ दिलं की आठ कामं एकदम सुटतात. समजा, एक स्क्रिप्ट ‘व्हर्जन.एच’ ही हेडर फाइल तयार करते आणि ‘मेन.सी’ ती इन्क्लूड करते, पण नियमात हे लिहिलेलं नाही. कंपायलर आधी पोचला तर ‘फाइल सापडत नाही’. हे परवडलं. मागच्या वेळची जुनी हेडर तिथेच पडून असेल तर बिल्ड गुपचूप पास होतो आणि कंट्रोलरवर जुनाच व्हर्जन नंबर दिसतो. जीसीसी कंपायलरच्या ‘-एमएमडी’ या हेडरची यादी बनवणाऱ्या पर्यायावरही विसंबू नका, ती यादी कंपाइल होताना तयार होते, म्हणजे अगदी पहिल्या बिल्डला ती नसतेच.

दुसरी भानगड एकाच फाइलवर दोघांनी लिहिण्याची. दोन नियमांनी एकच तात्पुरती फाइल वापरली की अर्धी याची, अर्धी त्याची. प्रत्येकाला वेगळं नाव द्या, पूर्ण लिहून झाल्यावरच खरं नाव द्या. बायसनसारखं कोड बनवून देणारं टूल एकाच फेरीत दोन फाइली देतं, तिथे साधा नियम लिहिला तर मेक ते दोनदा चालवू शकतं. जीएनयू मेक ४.३ मध्ये (२०२०) त्यासाठी ‘&:’ आलं आहे; या फाइली एकाच फेरीत होतात, हे ते मेकला सांगतं.

‘.नॉटपॅरलल’ लिहून मोकळं होणारे बरेच आहेत. त्याने त्या मेकफाइलची सगळीच कामं रांगेत लागतात. दुखणं तसंच राहतं. त्यापेक्षा ४.४ मधलं (२०२२) ‘--शफल’ वापरा. ते क्रम मुद्दाम विस्कटतं आणि फेल झाल्यावर एररसोबत सीड नंबर (त्या क्रमाची खूण) छापतं. तोच नंबर देऊन तोच क्रम पुन्हा लावता येतो.

आणि हो, आकडा न घालता नुसतं ‘-जे’ देऊ नका. मग कामांना मर्यादाच राहत नाही, मोठ्या प्रोजेक्टचं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) एकदम सुरू झालं की रॅम संपते.

बिल्ड फेल झाला तर लगेच ‘क्लीन’ मारून तयार झालेल्या फाइली पुसू नका. फोल्डर आहे तसं ठेवा. पूर्ण लॉग, दिलेली कमांड आणि सीड आम्हाला पाठवा.