कृपेच्या राजासनाजवळ: धैर्य आणि दांडगाई

प्रार्थनासभेत बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं ४:१६ हे वचन निघालं की हमखास कुणीतरी आवाज चढवतं. ‘वचनात लिहिलंय, धैर्याने जा!’ आणि लगेच पुढे, ‘प्रभू, आजच्या आज नोकरी दे, आम्ही क्लेम करतो!’, म्हणजे ते आमच्या हक्काचंच आहे. वचन असं: आपल्यावर दया व्हावी आणि ऐनवेळी साहाय्यासाठी कृपा मिळावी, म्हणून आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ, म्हणजे देवाजवळ, जाऊ. पण त्यातलं धैर्य आणि ही दांडगाई एकच, असं धरून चालणं आता पुरे.

आवाज मोठा की लहान, गुडघे टेकून की उभ्याने, यावर काही ठरत नाही. बायबलमधली हन्ना मूल मागत होती तेव्हा तिचे नुसते ओठ हलत होते, एली याजकाला ती प्यालेली वाटली. आंधळा बार्तीमय रस्त्याकडेला बसून येशूला हाका मारत ओरडत होता, लोक त्याला गप्प करत होते. दोघांचंही ऐकलं गेलं. तेव्हा मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

खरी गोम भरवसा कशावर, यात आहे. हे पत्र ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना लेवीय १६ मधले प्रायश्चित्ताच्या दिवसाचे नियम चांगले ठाऊक होते. परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थानाच्या सर्वांत आतल्या भागात, जायचं ते एकट्या प्रमुख याजकाने, तेही वर्षातून एकाच दिवशी. त्या दिवशी साधी तागाची वस्त्रं घालायची, आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पायचा, धुपाच्या धुराने दयासन (कराराच्या कोशावरचं झाकण) झाकून टाकायचं, नाहीतर मरण. (याजक आत मेला तर ओढून काढता यावं म्हणून त्याच्या पायाला दोर बांधून ठेवत, ही गोष्ट उपदेशात फार रंगवून सांगतात. बायबलमध्ये ती कुठेही नाही, आणि तिच्यावाचून काही अडतही नाही.) अशा वाचकांना लेखक म्हणतो, चला, जवळ जाऊ. कशाच्या बळावर? इब्री १०:१९ म्हणतं, येशूच्या रक्ताच्या. आणि ४:१५ सांगतं की आत जो प्रमुख याजक आहे त्याला आपली दुर्बलता कळते. तो आपल्यासारखाच पारखला गेला, फक्त पापाविरहित राहिला. आपल्या विश्वासाची ताकद, उपासाचे दिवस, घोषणांचा जोर यांचा या हिशेबात उल्लेखच नाही.

म्हणून हे धैर्य आत जाण्याबद्दलचं आहे. आत गेल्यावर उत्तर काय मिळेल, याचा हुकूम काढण्याबद्दलचं नाही. त्याच वचनात पुढे काय मागायला सांगितलंय ते बघा: दया, आणि ऐनवेळी साहाय्यासाठी कृपा. सात-बारा पुढे करून जमिनीचा ताबा मागावा, तशी दया कुणी मागतं का?

हा घोळ नुसता शास्त्रार्थाचा असता तर मी गप्प बसलो असतो. तो आजाऱ्याच्या घरी नडतो. सलाइन चालू असलेल्या माणसाकडून ‘मी बरा झालोय’ असं वदवून घेतात, आणि तो वारल्यावर त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगतात, ‘विश्वास कमी पडला.’ मग प्रेषित पौलाचाही कमीच पडला म्हणायचा. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली; काटा राहिला आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ राजाच्या मूर्तीला नमन करा नाहीतर जळत्या भट्टीत टाकू, असा हुकूम असताना शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला म्हणाले की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द ज्यांना अविश्वासाचे वाटतात, त्यांनी येशूने अटकेआधी गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना कुठे बसवायची ते सांगावं. तिथे ‘अब्बा, बापा’ अशी हाक आहे, दुःखाचा प्याला दूर करण्याची उघड मागणी आहे, आणि शेवटी हेच शब्द आहेत.

उलट्या टोकाची मंडळीही असतात. ‘आम्ही पापी, आमचं कसलं ऐकतोय देव, पाळकांनाच सांगा प्रार्थना करायला.’ ऐकायला नम्र वाटतं, पण चूक तीच. क्लेम करणारा स्वतःचा विश्वास मोजतो, हे स्वतःचं पाप मोजतात. ख्रिस्ताकडे बघायचं दोघांचंही राहून जातं. पाळकांना जरूर सांगा, पण स्वतःही जा. येशूने सांगितलेल्या दाखल्यातला (लूक १८) जकातदार दूर उभा राहिला, वर बघायचीही त्याची हिंमत नव्हती, तरी मंदिरात आला आणि मागायचं ते त्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं. प्रार्थनाही एका ओळीची: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ मला तीच आवडते.