ईमॅक्सचं पॅकेज मेल्पावर टाकताय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी छोटं पॅकेज (त्याला जोडायचा प्रोग्रॅम) लिहिलं, मित्रांनी वापरलं, आवडलं, मग ते मेल्पावर (जिथून लोक ईमॅक्सची पॅकेजेस घेतात) टाकायला गेलो आणि परत आलं. असे तिघे-चौघे ओळखीत झालेत आणि एकाचाही कोड वाईट नव्हता. सगळे अडकले ते फाइलच्या मांडणीत आणि नावात.

पात्रता सोपी आहे. कोड पब्लिक गिट रेपोत (कोडच्या सगळ्यांना दिसणाऱ्या साठ्यात) हवा आणि लायसन्स जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सशी जुळणारं हवं. एमआयटी चालतं, बीएसडी चालतं, 'व्यावसायिक वापर नको' अशी अट घातलेलं चालत नाही. लायसन्सची फाइल रेपोत खरंच ठेवा, नुसतं रीडमीमध्ये 'एमआयटी' लिहून भागत नाही. अर्ज म्हणजे मेल्पाच्या रेपोला एक पुल रिक्वेस्ट ('माझा बदल घ्या' अशी विनंती), त्यात रेसिपीची एक फाइल, तिचं नाव पॅकेजच्या नावासारखंच, आत कोड कुठून घ्यायचा एवढंच. एका रिक्वेस्टमध्ये एकच पॅकेज. हे दहा मिनिटांचं काम आहे.

वेळ जातो तो मुख्य फाइलच्या हेडरमध्ये. पहिल्या ओळीत तीन अर्धविराम, फाइलचं नाव, मग तीन डॅश (दोन नाही, तीन!), मग वर्णन, आणि त्याच ओळीच्या शेवटी लेक्सिकल-बाइंडिंग (व्हेरिएबल कुठवर दिसणार ते ठरवायची पद्धत) चालू केल्याची खूण. ही खूण दुसऱ्या ओळीत टाकली तर ईमॅक्स ती धरतच नाही, आणि अजिबात नसेल तर ईमॅक्स 30 कंपाइल करताना वॉर्निंग देतो. वर्णन साठ अक्षरांच्या आत ठेवा आणि त्यात 'ईमॅक्स' शब्द घालू नका, ईमॅक्सचंच पॅकेज आहे हे सगळ्यांना माहीत असतं. खाली लेखक, व्हर्जन, यूआरएल, मग कॉमेंटरी आणि कोड ही हेडिंगं, शेवटी प्रोव्हाइड (पॅकेजचं नाव जाहीर करणारी ओळ) आणि 'फाइल इथे संपली' ही ठरलेली ओळ.

आता नावांचं. ईमॅक्स लिस्पमध्ये (पॅकेज ज्या भाषेत लिहितात तिच्यात) नेमस्पेस नाही, सगळी फंक्शनं एकाच अंगणात राहतात, दोन पॅकेजेसनी एकाच नावाचं फंक्शन केलं तर नंतर लोड झालेलं आधीच्याला गुपचूप पुसतं आणि ज्याचं बिघडलं त्याला कारण सापडत नाही. म्हणून पॅकेज 'पंचांग' असेल तर फंक्शन 'तिथी-दाखव' नको, 'पंचांग-तिथी-दाखव' हवं, आणि आतल्या आत वापरायचं असेल तर मध्ये दोन डॅश. व्हेरिएबलनाही हेच लागू. गावात पाच संतोष असले की पत्रावर आडनाव लिहावंच लागतं ना, तसं. हे सुरुवातीलाच करा, शंभर जागी नाव बदलताना फार त्रास होतो. आणि कंट्रोल-सी नंतर एक अक्षर ही की वापरणाऱ्यासाठी राखीव आहे, पॅकेजने ती घ्यायची नाही.

हेडरमधली 'कोणतं ईमॅक्स लागतं' ही ओळही लोक अंदाजाने भरतात. तुमच्या मशीनवर नवीन ईमॅक्स आहे, तुम्ही स्ट्रिंग-रिप्लेस वापरलंत आणि वर 25.1 चालेल असं लिहिलंत, पण ते फंक्शन 28.1 मध्ये आलं, म्हणजे जुन्या ईमॅक्सवाल्याकडे ते फुटणार. पॅकेज-लिंट हे तपासणीचं साधन असल्या चुका बरोबर पकडतं. अर्जाच्या फॉर्मवर पॅकेज-लिंट, चेकडॉक (कोडमधला माहितीचा मजकूर तपासणारं), बाइट-कंपाइल असे टिकमार्क असतात, ते न चालवता कृपा करून टिक करू नका. तपासणारे सगळे स्वयंसेवक आहेत, आपला फुकटचा वेळ देतात.

ग्नू एल्पावर (ईमॅक्सच्या अधिकृत पॅकेज-साठ्यावर) टाकायचं असेल तर आणखी एक कागद लागतो, आणि तो कुणाकडेच तयार नसतो. कोडचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला लिहून द्यावा लागतो, फक्त तुम्हीच नाही तर साधारण पंधरा ओळींपेक्षा जास्त कोड दिलेल्या प्रत्येकाने. नोकरी करत असाल तर कंपनीचंही सही केलेलं पत्र लागू शकतं. एका मित्राचं पत्र त्याच्या कंपनीच्या लीगलवाल्यांकडे पडून राहिलं, कारण हा कागद कशासाठी हेच तिथे कुणाला कळेना. एवढ्याशा पॅकेजसाठी इतका कागद, हे मला पटत नाही, पण नियम आहे. हे जमत नसेल तर नॉनग्नू एल्पा (दुसरा पॅकेज-साठा) आहे, तिथे ही अट नाही आणि ईमॅक्स 28 पासून ते आपोआप चालू असतं.

मेल्पाच्या व्हर्जनचा घोळही खूप जणांचा होतो. तिथे व्हर्जन म्हणजे शेवटच्या कमिटची (रेपोत नोंदवलेल्या बदलाची) तारीख-वेळ, तुम्ही हेडरमध्ये काहीही लिहा. मेल्पा स्टेबलवर (मेल्पाच्या पक्क्या व्हर्जनांच्या साठ्यावर) यायचं असेल तर गिटमध्ये टॅग (व्हर्जनची खूण) करावा लागतो, नुसता हेडर बदलून काहीच होत नाही. आणि ज्याने तारखेवालं व्हर्जन आधीच घेतलंय त्याला तुमचं 1.2 जुनंच वाटणार, कारण 2024 ने सुरू होणारा आकडा मोठा. त्याला सांगा, आधीचं काढून स्टेबलमधून नव्याने घे.

दुरुस्त्या सांगितल्या तर रिक्वेस्ट बंद करून नवीन उघडू नका. कोडची दुरुस्ती तुमच्या रेपोत आणि रेसिपीची त्याच ब्रँचवर पुश करा, आणि खाली काय बदललं ते दोन ओळीत लिहा.