टांझानियातील वर्णहीन व्यक्तींवरील हल्ले : पार्श्वभूमी

टांझानियाच्या वायव्येकडील कागेरा प्रांतात मे २०२४च्या अखेरीस अडीच वर्षांच्या एका वर्णहीन, म्हणजे जन्मतः त्वचा-केसांत रंग नसलेल्या, मुलीला घरातून पळवून नेण्यात आले आणि जूनच्या मध्यावर तिचा छिन्नविच्छिन्न मृतदेह सापडला. या प्रकरणी पकडलेल्या नऊ जणांत तिचे वडील होते, तसेच एक कॅथलिक धर्मगुरूही होता. अशी बातमी आली की ‘आफ्रिकेतील पूर्वापार अंधश्रद्धा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे स्पष्टीकरण निम्मेच खरे आहे. वर्णहीन माणसांविषयीचे गैरसमज तिकडे जुने आहेत, यात शंका नाही. पण नशीब उघडते या समजुतीने त्यांच्या अवयवांची पैसे मोजून होणारी खरेदी टांझानियात उघडकीस आली ती जेमतेम दोन दशकांपूर्वी, आणि तिचा माग काढत गेले की आपण सोन्याच्या खाणींपाशी, व्हिक्टोरिया सरोवरातील मासळीच्या धंद्यापाशी आणि झटपट पैशाच्या आशेपाशी येऊन पोचतो.

वर्णहीनता, म्हणजेच अल्बिनिझम, संसर्गाने होत नाही आणि आपल्याकडे ज्याला कोड म्हणतात त्याच्याशीही तिचा संबंध नाही. त्वचा, केस आणि डोळे यांना रंग देणारे मेलॅनिन शरीरात जन्मतःच फार कमी किंवा मुळीच तयार होत नाही, एवढाच तिचा अर्थ. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सर्वाधिक आढळणारा प्रकार पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बदलामुळे होतो, आणि तो बदल आई व वडील या दोघांकडूनही आला तरच मूल वर्णहीन जन्मते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारांत एक असते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत साधारण सतरा ते वीस हजारांत एक व्यक्ती वर्णहीन असते. टांझानियात हे प्रमाण सुमारे चौदाशेंत एक असल्याचा अंदाज दिला जातो. मात्र २०१२च्या जनगणनेत तेथे १६,४७७ वर्णहीन व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे या अंदाजाच्या जवळपास निम्मीच. घरात लपवून ठेवलेली आणि मोजणीसाठी आलेल्या माणसापुढे कधीच न आणलेली मुले हे या तफावतीचे एक कारण असावे.

वाहक आई-वडील दिसायला चारचौघांसारखेच असतात, आणि बाईवर येणारे पहिले संकट येथूनच सुरू होते. काळ्या जोडप्याच्या पोटी पांढरे मूल आले की बाईने गोऱ्या पुरुषाशी संबंध ठेवला असा संशय घेतला जातो, नाही तर तिच्या घराण्याला शाप आहे असे ठरवले जाते. नवरा घर सोडून जातो किंवा तिला हाकलतो, आणि मूल एकट्या आईच्या किंवा आजीच्या पदरात पडते. अनुवंशाचे साधे ज्ञान प्रसूतीच्या खाटेपाशीच कोणी दोघांनाही दिले असते तर किती संसार वाचले असते, हा विचार येथे सुटत नाही.

या समजुतींचा जुना लेखी पुरावा मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोआंगो राज्यातून मिळतो. त्या भागात काही काळ राहिलेल्या अँड्र्यू बॅटेल या इंग्रज खलाशाची हकीकत १६२५ साली छापली गेली. तो सांगतो की असे पांढरे मूल जन्मले की ते राजाला सादर केले जाई, मंत्रविद्येच्या तालमीत वाढवले जाई आणि पुढे कायम राजाच्या सेवेत राही. त्यावरून तेथे या लोकांना मान होता असे म्हणता येईल. पण तो मान ज्या कल्पनेवर उभा होता, तीच कल्पना इतर समाजांत नवजात वर्णहीन अर्भकाचा जीव घेत होती: हे मूल माणसाचे नव्हे, आत्म्यांच्या जगातले आहे. एकदा कोणाला माणसांच्या पंगतीतून उठवले की त्याला पूजायचे, टाकून द्यायचे की कापायचे, हे त्या त्या काळाच्या गरजेवर ठरते. वर्णहीन माणसे मरत नाहीत, ती नुसती नाहीशी होतात, ही पूर्व आफ्रिकेत आजही सांगितली जाणारी समजूत त्याच कुळातली आहे. भूत मानलेल्याला मारणे हा खून वाटत नाही, म्हणून ही समजूत वरवर निरुपद्रवी दिसली तरी तिचे परिणाम भयंकर आहेत.

हल्ल्यांचे केंद्र ठरलेला टांझानियाचा सरोवर प्रदेश, म्हणजे म्वान्झा, शिन्यांगा, गेइता, कागेरा आणि आसपासचे प्रांत, चेटकाच्या संशयावरून होणाऱ्या हत्यांसाठी आधीपासूनच कुप्रसिद्ध होता. सुकुमा समाजाच्या या मुलखात १९७०च्या आणि १९८०च्या दशकांत हजारोंच्या संख्येने माणसे मारली गेली, आणि त्यांत वृद्ध स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. आयुष्यभर चुलीच्या धुरापुढे बसून लाल झालेले डोळे एवढा पुरावाही चेटकीण ठरवायला पुरत असे. याच काळात उजामा या सरकारच्या समाजवादी धोरणाखाली लाखो लोकांना जुन्या वस्त्यांवरून उठवून नव्या गावांत एकत्र वसवण्यात आले होते. शेजार नवा, जमिनीचे वाद नवे, आणि अपमृत्यू झाला की बोट दाखवायला कोणी तरी हवेच. वर्णहीन माणसे तेव्हा या हत्यांचे मुख्य लक्ष्य नव्हती. पण मांत्रिकाने नाव घ्यायचे आणि भाड्याच्या मारेकऱ्यांनी कोयता चालवायचा, ही पद्धत तेथे रुळली ती याच वर्षांत.

नवे वळण आले ते अर्थव्यवस्था खुली झाल्यावर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस छोट्या खाणकामावरील सरकारी बंधने सैल झाली आणि गेइता-शिन्यांगा पट्ट्यात सोन्याच्या आशेने माणसांचे लोंढे आले. २००१ नंतर जगभर सोन्याचा भाव चढत गेला तसे ते वाढतच गेले. सरोवरावर नाईल पर्च या माशाच्या निर्यातीने मच्छीमारांपुढेही तशीच मोठ्या कमाईची आशा ठेवली. दोन्ही धंद्यांत कष्ट सारखेच, फळ मात्र नशिबावर: एका खड्ड्यात सोन्याची शीर लागते, शेजारच्या खड्ड्यात महिनोन्‌महिने नुसती माती. अशा ठिकाणी नशीब उघडून देणाऱ्याला गिऱ्हाईक कमी पडत नाही. वगांगा म्हणून ओळखले जाणारे तिथले वैदू पूर्वी मुळ्या आणि प्राण्यांचे अवयव देत. वाढत्या स्पर्धेत त्यांच्यातील काहींनी अधिक दुर्मीळ, अधिक महाग वस्तूची शिफारस सुरू केली. हाडाची भुकटी खड्ड्यात पुरायची, केस जाळ्यात विणायचे, असे त्यांचे सांगणे असे. रेड क्रॉसच्या २००९च्या अहवालात एका व्यक्तीच्या सर्व अवयवांची किंमत ७५,००० डॉलरपर्यंत जाते असे नमूद आहे. खड्ड्यात उतरणाऱ्या मजुराच्या कुवतीतली ही रक्कम नव्हे; ती मोजणारा पैसेवालाच असणार. निवडणुका जवळ आल्या की यशासाठी उमेदवार मांत्रिकांकडे वळतात आणि हल्ल्यांची भीती वाढते, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०१५ साली बजावले होते, तेही याच संदर्भात वाचले पाहिजे.

२००७च्या सुमारास खून उघडपणे नोंदले जाऊ लागले. व्हिकी न्टेटेमा या पत्रकार महिलेने २००८ साली गिऱ्हाईक असल्याचे भासवून मांत्रिकांची भेट घेतली आणि बीबीसीवरून हा व्यवहार जगापुढे आणला. त्यानंतर धमक्यांमुळे तिला लपून राहावे लागले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष किक्वेते यांनी अल-शायमा क्वेगिर या वर्णहीन महिलेची संसदेवर नेमणूक केली. जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधान मिझेंगो पिंडा यांनी सर्व पारंपरिक वैद्यांचे परवाने रद्द केल्याचे जाहीर केले, मार्चमध्ये लोकांकडून संशयितांची नावे गुप्त मतदानाने मागवण्यात आली, आणि सप्टेंबरमध्ये कहामा येथे चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाबद्दल तिघांना फाशीची शिक्षा झाली. शिक्षा आवश्यक होती. सरसकट बंदी मात्र चुकीच्या ठिकाणी मारलेला घाव होता, असे माझे मत आहे. ज्या खेड्यांत दवाखाना नाही तिथे ताप-खोकल्यालाही हेच वैदू उपयोगी पडतात. बंदी कागदावर राहिली, आणि जानेवारी २०१५ मध्ये तशीच बंदी पुन्हा जाहीर करावी लागली.

मुलांना वाचवण्यासाठी सरकारने त्यांना शाळा-वसतिगृहांत हलवले. शिन्यांगाजवळील बुहांगिजा आणि म्वान्झा प्रांतातील मितिंदो ही त्यांतली माहितीची नावे. उंच भिंती आणि पहारा यांमुळे जीव वाचले. पण गर्दी इतकी झाली की एका खाटेवर अनेक मुले झोपत, आणि कित्येकांचे पालक पुन्हा फिरकलेच नाहीत. संकटापुरता निवारा म्हणून उघडलेल्या जागेत बालपण सरले, आणि गावाला मात्र वर्णहीन मुलासोबत राहण्याची सवय कधी झालीच नाही. मेलेल्यांनाही निर्धास्तपणा नव्हता: थडगे उकरून हाडे नेली जातात म्हणून काही कुटुंबांनी आपले माणूस घराच्या आतच पुरले आणि वर सिमेंट ओतले.

कोयत्याच्या बातम्यांमागे झाकला जाणारा मोठा मृत्यू उन्हाचा आहे. मेलॅनिन नसलेल्या त्वचेला विषुववृत्ताजवळचे ऊन सोसत नाही आणि तेथील वर्णहीन व्यक्तींच्या अकाली मृत्यूचे प्रमुख कारण त्वचेचा कर्करोग हेच आहे. टाळता येण्याजोगा हा रोग शिक्षणाच्या अभावी बळावतो. जन्मतः दृष्टी अधू असल्याने वर्गात मागे बसलेल्या मुलाला फळा दिसत नाही, गुरुजी त्याला मंद समजतात, ते शाळा सोडते आणि अखेर पोटासाठी भर उन्हात शेतात राबते. रुंद काठाची टोपी, लांब बाह्या, पहिल्या बाकावरची जागा आणि उन्हापासून बचावाचे मलम एवढ्याने हे चित्र पुष्कळ बदलते. मोशी येथील किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटरमध्ये असे मलम खास या लोकांसाठी तयार करून वाटले जाते, आणि इतक्या वर्षांत झालेल्या कामांपैकी हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते.

दरम्यान हा व्यापार सीमा ओलांडून गेला होता. बुरुंडीच्या रुयिगी प्रांतात २००८ पासून खून झाले, आणि २०१४च्या अखेरीपासून मलावीत हल्ल्यांची लाट आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये १३ जून हा वर्णहीनता जागृती दिन म्हणून घोषित केला आणि २०१५ साली मानवाधिकार परिषदेने नायजेरियाच्या इक्पोन्वोसा एरो यांची या विषयावरील पहिल्या स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून नियुक्ती केली; त्या स्वतः वर्णहीन आहेत. केनियात मुंबी न्गुगी या वर्णहीन महिला उच्च न्यायालयात आणि नंतर अपील न्यायालयात न्यायाधीश झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरुशा येथील आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने वर्णहीन नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात टांझानिया कमी पडल्याचा निकाल दिला.

आजवरच्या खटल्यांत कोयता चालवणारे सापडले, मध्यस्थ सापडले, काही मांत्रिक सापडले, कधी मुलाला विकणारे नातेवाईकही सापडले. हजारो डॉलर मोजणारा खरेदीदार मात्र न्यायालयापुढे क्वचितच उभा राहिला. त्याचे नाव तपासात येण्याआधीच साखळी तुटते आणि तो नामानिराळा राहतो.