बर्गसाँ-आइन्स्टाइन वाद : पार्श्वभूमी

आइन्स्टाइन यांना नोबेल मिळाले ते प्रकाशविद्युत परिणामाच्या (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या) नियमासाठी, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र १० डिसेंबर १९२२ रोजी स्टॉकहोमच्या समारंभातील भाषणात त्यांच्या सापेक्षता सिद्धान्ताचा, म्हणजे काळ सर्वांसाठी एकसारखा नसून गतीनुसार बदलतो या मांडणीचा, उल्लेख करताना, पॅरिसचे प्रसिद्ध तत्त्वज्ञ बर्गसाँ यांनी त्याला आव्हान दिले आहे, असेही सांगितले गेले. पदार्थविज्ञानाच्या व्यासपीठावर तत्त्वज्ञाचे नाव का यावे?

फ्रान्समध्ये सतराव्या शतकातील तत्त्वज्ञ-गणिती देकार्तपासून ही दोन क्षेत्रे एकमेकांना लागूनच वाढली. या वादापुरता महत्त्वाचा आहे तो गणिती आँरी प्वाँकारे यांचा १८९८ चा कालमापनावरील निबंध. रेखांश ठरवायचा तर दूरच्या दोन ठिकाणी एकच क्षण कोणता, हे तारायंत्राने जुळवावे लागे. संदेश पोहोचायलाही वेळ लागतो. मग ‘एकाच वेळी’ म्हणजे काय? त्याची थेट जाणीव आपल्याला नसते, सोयीचे नियम आपण निवडतो, असे प्वाँकारे यांनी म्हटले. सापेक्षतेवरचा आइन्स्टाइन यांचा निबंध त्यानंतर सात वर्षांनी आला.

बर्गसाँ यांनी मात्र १८८९ पासूनच मांडले होते की घड्याळाने मोजलेला काळ वेगळा आणि जगताना अनुभवास येणारा अखंड प्रवाह वेगळा. १९११ मध्ये बोलोन्याच्या परिषदेत एका फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने सापेक्षतेचा परिणाम दाखवण्यासाठी जवळपास प्रकाशाच्या वेगाने जाऊन परतणारा प्रवासी कल्पिला : त्याची दोन वर्षे, पृथ्वीची दोनशे. ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिसच्या सभेत बर्गसाँ आणि आइन्स्टाइन समोरासमोर आले. ‘तत्त्वज्ञांचा असा वेगळा काळ नाही,’ असे आइन्स्टाइन यांनी थोडक्यात उत्तर दिले. बर्गसाँ यांचे यावरचे पुस्तक त्याच वर्षी निघाले.

बर्गसाँ यांना गणित कळले नाही, असे म्हणून हा विषय सर्रास मिटवला जातो. ते मला अन्यायाचे वाटते. त्यांनी समीकरणे नाकारली नव्हती. दोघे एकमेकांच्या सापेक्ष एकसमान गतीने जात असतील, तर दुसऱ्याचा ‘मंदावलेला’ काळ प्रत्यक्षात कोणीही जगत नाही, असे ते म्हणत. चूक पुढच्या पायरीवर झाली. प्रवासी परत फिरतो, तिथे दोघांची परिस्थिती समान राहत नाही. परतल्यावर दोन्ही घड्याळे जुळतील, हा त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. १९७१ मध्ये विमानातून पृथ्वीभोवती फिरवलेल्या अणुघड्याळांत नॅनोसेकंदांचा फरक आढळला.

सापेक्षतेला नोबेल मिळाले नाही ते बर्गसाँ यांच्यामुळे, असे म्हटले जाते, तेही अर्धवट आहे. निवड समितीतच सापेक्षतेवर प्रतिकूल अहवाल दिला गेला होता. १९२१ चे पारितोषिक त्या वर्षी राखून ठेवले गेले आणि १९२२ मध्ये दिले गेले. समितीला प्रयोगाने सिद्ध झालेला नियम हवा होता. बर्गसाँ यांच्या आक्षेपाने त्या संकोचाला प्रतिष्ठा मिळवून दिली, इतके म्हणता येते.

बर्गसाँ यांना १९२७ चे साहित्याचे नोबेल मिळाले. सापेक्षतेवरच्या त्यांच्या पुस्तकाची १९३१ नंतर त्यांच्या हयातीत नवी आवृत्ती निघाली नाही. ‘आत्ता’ला माणसाच्या अनुभवात जे खास स्थान असते, ते भौतिकशास्त्रात बसत नाही आणि याची आपल्याला गंभीर चिंता वाटते, असे पुढे आइन्स्टाइन यांनीच एका तत्त्वज्ञाजवळ बोलून दाखवले, त्या तत्त्वज्ञाने आत्मचरित्रात तशी नोंद केली आहे.