लग्नपत्रिका तपासणारं सरकार

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात लग्नपत्रिका छापायची झाली तरी मजकूर आधी सेन्सॉरकडे न्यावा लागे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला कसली धास्ती? मला वाटतं, धास्ती शब्दांची नव्हतीच. पन्नास घरांत एकाच वेळी पोचणाऱ्या आणि माणसं एका मांडवात जमवणाऱ्या कागदाची होती. चीनमधल्या इंटरनेट सेन्सॉरशिपवर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं. सरकारवरची टीका बरीचशी टिकत होती. लोकांना एकत्र आणू शकणारा मजकूर मात्र उडवला जात होता, मग तो सरकारच्या बाजूचा का असेना.

यामागचं गणित समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1978 मध्ये मांडलं. चौकात शंभर माणसं आहेत असं धरा. पहिला कुणाची वाट न बघता उठतो. दुसऱ्याला एक जण उभा दिसला की पुरे, तिसऱ्याला दोन, असं करत शंभरावा नव्व्याण्णवांची वाट बघतो. बघता बघता सगळा चौक उभा! आता फक्त दुसरा माणूस बदला, त्यालाही दोघं उभे दिसायला हवेत. पहिला उठतो आणि एकटाच राहतो. बाकीच्यांच्या मनातला राग तसूभरही कमी झालेला नाही, पण बाहेरून बघणारा म्हणेल, लोक सुखात आहेत. दडपशाहीला मनं जिंकावी लागत नाहीत. शेजाऱ्याचं मन शेजाऱ्याला कळू दिलं नाही, की भागतं.

18 जून 1946 ला मडगावात हेच फिसकटलं. असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीला आलेले राममनोहर लोहिया विनापरवाना सभेत बोलायला उभे राहिले. प्रशासकाने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याला बाजूला सारलं. लोहिया आणि मिनेझिस दोघांना अटक झाली खरी, पण तोवर भर पावसात जमलेल्यांनी एकमेकांना पाहिलं होतं.

मग सरकारने ‘पहिला उठणारा’च उचलायला सुरुवात केली. गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. गोव्यातल्याच आग्वादच्या तुरुंगातून निदान निरोप तरी आला असता.

1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवू लागले. दार लावून, आवाज बारीक करून ऐकणाऱ्याला एवढं कळे, की आणखी कुणीतरी असंच कान लावून बसलंय. 19 डिसेंबर 1961 ला हेच दोघं विमानात बसले आणि गोवा मुक्त झाल्याची बातमी त्यांनी लाउडस्पीकरवरून वरून ओरडून सांगितली.