पाठीवरची सॅक, सायकलचे कॅरियर : एका प्रवासक्रमाची पार्श्वभूमी

परदेशात वर्ष-दोन वर्षे पाठीवर सॅक अडकवून हिंडायचे, पैसे संपत आले की मायदेशी परतायचे आणि घरी स्थिरस्थावर होण्याआधीच सायकलवर सामान लादून आपल्याच देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे निघायचे, असा क्रम अनेक देशांतल्या भटक्यांच्या आयुष्यात दिसतो. वरवर पाहता हा घरी पाय न टिकण्याचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात या दोन्ही टप्प्यांना स्वतंत्र इतिहास आहे. एका काळात ते एकाच छपराखाली मुक्कामाला असत, पुढे त्यांची फारकत झाली, आणि १९७०च्या दशकात त्यांची पुन्हा गाठ पडली तेव्हा परदेशातून परतलेल्या माणसाच्या हाती सायकल का आली याची कारणे बरीचशी व्यवहाराची होती.

दोहोंपैकी सायकलप्रवास जुना. पुढचे चाक छातीइतके उंच आणि मागचे चिमुकले, अशी सायकल प्रचलित होती तेव्हाच, १८७८ साली, इंग्लंडमधील हॅरोगेट येथे सायकलप्रवाशांचा क्लब स्थापन झाला. या क्लबचा हेतू विक्रम करण्याचा नव्हता. कोणता रस्ता चाकाखाली घेण्याजोगा आहे आणि कोणत्या खानावळीत धुळीने माखलेल्या सायकलस्वाराला नाक न मुरडता खोली मिळते, हे सभासदांना कळावे एवढीच त्यामागची भूमिका होती. अशा खानावळींच्या भिंतीवर क्लबचे पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावले जाई. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आली, १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि धडधाकट पुरुषांपुरता असलेला हा छंद मध्यमवर्गातील स्त्री-पुरुषांच्या आवाक्यात आला. फ्रान्समध्ये पॉल द विवी या सायकलवेड्या संपादकाने घाटरस्त्यांसाठी एकाहून अधिक गिअरांचा पुरस्कार केला, तेव्हा शर्यतींच्या जगाने त्याची टर उडवली. सामान लादून चढ चढणाऱ्यांना मात्र त्याचे म्हणणे लगेच पटले. या सगळ्या खटाटोपाचा रोख प्रामुख्याने आपलाच मुलूख पाहण्याकडे होता.

त्याच काळात जगप्रवासाचीही सुरुवात झाली. टॉमस स्टीव्हन्स हा तरुण एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि ऑगस्टमध्ये बोस्टनला पोहोचला. त्याच्याजवळ जादा मोजे, एक सदरा, एक रिव्हॉल्व्हर आणि एक रेनकोट एवढेच सामान होते. पावसात अंगावर घालायचा तो रेनकोट रात्री अंथरूण आणि तंबू अशी दोन्ही कामे करी. आधी स्वतःचा खंड पार करून मग तो युरोप, तुर्कस्तान आणि इराणकडे वळला. पुढे अफगाणिस्तानात मात्र त्याला अडवून परत पाठवण्यात आले. अखेर आगबोटीने कराची गाठून त्याने लाहोरपासून ग्रँड ट्रंक रोड धरला, आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामा येथे त्याची सफर संपली. पायात कितीही बळ असले तरी सीमेवरच्या शिपायापुढे ते चालत नाही, हा पाठ सायकलप्रवाशाला असा पहिल्याच पृथ्वीप्रदक्षिणेत मिळाला. पुढे १९२३ साली मुंबईहून सहा तरुण निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ साली जगाची फेरी पुरी केली. असे पराक्रम विरळाच राहिले. रविवारी गावाबाहेर पडणारा आणि उन्हाळ्याच्या सुटीत आठवडाभर आपल्या देशात फिरणारा सायकलस्वार हाच या छंदाचा खरा आधार होता.

पाठीवर सामान घेऊन स्वस्तात भटकण्याचा इतिहासही देशांतर्गत भटकंतीतूनच सुरू होतो, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्समध्ये १९०१ साली शाळकरी मुलांची ‘वांडरफोगेल’ ही संघटना उभी राहिली. कारखान्यांच्या शहरातून बाहेर पडून रानावनात पायी हिंडावे, हा तिचा ध्यास होता. रिचर्ड शिर्मान हा शिक्षक ऑगस्ट १९०९ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन असाच पायी निघाला असताना वादळी पावसाने त्यांना गाठले आणि एका खेड्यातल्या शाळेत त्यांनी आसरा घेतला. जमिनीवर पेंढा पसरून मुले झोपली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशाच मुक्कामाला का देऊ नयेत, हा विचार शिर्मान यांना त्या रात्री सुचला. आधी स्वतःच्या शाळेत आणि मग १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांनी कायमचे युवा वसतिगृह सुरू केले. लाकडी माचांच्या चळती असलेली तेथील जुनी खोली आजही जतन केलेली आहे. बॅकपॅकरांच्या हॉस्टेलातला डॉर्म, म्हणजे एकावर एक खाटा, एका खोलीत दहा अनोळखी माणसे आणि सामाईक स्वयंपाकघर, हा त्याचाच वंशज आहे.

पाहता पाहता ही कल्पना युरोपभर पसरली. ब्रिटनमध्ये १९३० साली युवा वसतिगृहांची संघटना झाली आणि १९३२ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. जर्मनीत नाझी सत्तेने ही चळवळ गिळंकृत केली आणि शिर्मान यांना बाजूला सारले, तरी इतरत्र ती टिकली. अनेक ठिकाणी मोटारीने येणाऱ्याला वसतिगृहात जागा नाकारली जाई. जो स्वतःच्या पायांनी, म्हणजे चालत किंवा सायकलने, येईल त्यालाच खाट मिळे. त्यामुळे पायी भटका आणि सायकलस्वार संध्याकाळी एकाच चुलीवर आपापले जेवण शिजवत. आज ज्यांना आपण वेगळे पंथ समजतो ते तेव्हा एकाच घरात नांदत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र वाटा फुटल्या. युरोप-अमेरिकेत मोटार घरोघरी आली, सायकल मुलांची किंवा गरिबांची गोष्ट ठरली आणि सायकलप्रवासी क्लबांचे सभासद घटू लागले. उलट सॅकवाल्यांपुढे जग खुले होत गेले. १९५७ साली लंडनहून कोलकात्याला ‘इंडियामॅन’ ही बस निघाली, आणि पुढच्या वीस वर्षांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, काठमांडू ही ठाणी असलेला मार्ग हजारो तरुणांनी तुडवला. हा मार्ग पुढे ‘हिप्पी ट्रेल’ म्हणून ओळखला गेला. जानेवारी १९७०मध्ये बोइंग ७४७ प्रवासी सेवेत आले, १९७२ साली युरोपात २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी इंटररेल हा रेल्वे पास निघाला, आणि १९७५ साली ऑस्ट्रेलियाने तरुण परदेशीयांना हिंडता हिंडता नोकरी करू देणारा व्हिसा सुरू केला. माझ्या मते दीर्घ भटकंतीला विमानापेक्षा या व्हिसाने अधिक बळ दिले. तिकीट स्वस्त झाल्याने माणूस दूर जातो खरा, पण तिथे सहा महिने फळबागेत किंवा हॉटेलात काम करून पुढच्या सहा महिन्यांची सोय करता आली, तरच प्रवास वर्षानुवर्षे लांबतो.

मार्गदर्शक पुस्तकांचा उदयही याच सुमारास झाला. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे दांपत्य १९७२ साली लंडनहून जुन्या गाडीने निघाले, काबूलमध्ये त्यांनी गाडी विकली, आणि सिडनीला पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ २७ सेंट उरले होते. हा प्रवास इतक्या कमी पैशांत कसा केला, असे जो तो विचारू लागला, म्हणून १९७३ साली त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ९६ पानांची पुस्तिका तयार केली. ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवास-मार्गदर्शकांच्या प्रकाशनाचा व्याप तिच्यातून वाढला. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि खुष्कीचा मार्ग तुटला. तोवर आग्नेय आशियाचा पर्याय उभा राहिला होता. पुस्तक एकच असल्याने मुक्कामही तेच होऊ लागले: तोच गेस्टहाउस, तीच रात्रीची बस, पुढच्या गावी पुन्हा तोच गेस्टहाउस. भटक्यांचा असा एक ठरीव मार्ग पडत गेला आणि दोन थांब्यांमधला प्रदेश खिडकीतून दिसण्यापुरता उरला. बॅकपॅकिंगवर पुढे झालेल्या टीकेचे मूळ या मधल्या, न पाहिलेल्या पट्ट्यात आहे, आणि सायकल नेमकी त्याच पट्ट्यातून चालते.

परदेश आधी आणि स्वदेश नंतर या क्रमाचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. १९७२ साली ग्रेग व जून सिपल आणि डॅन व लिस बर्डन ही दोन जोडपी अलास्कातील अँकोरेजहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे सायकलने निघाली. पुढच्या वर्षी मेक्सिकोत असताना ग्रेग सिपल यांच्या मनात एक कल्पना आली. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होणार होती; त्या वर्षी हजारो लोकांनी सायकलवरून आपला देश ओलांडावा. डॅन बर्डन यांना काविळीमुळे वाट सोडावी लागली, आणि घरी परतलेल्या या जोडप्याने तयारीला हात घातला. सिपल दांपत्य पुढे जात १९७५ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील तिएरा देल फ्वेगोला पोहोचले. सायकलींचा बाजारही तेव्हा अनुकूल होता: १९७३ साली अमेरिकेत सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या होत्या, आणि त्याच वर्षी तेलटंचाईने मोटारीचा तोरा थोडा उतरवला होता.

‘बाइकसेंटेनियल’ नावाच्या या उपक्रमाने ओरेगनच्या किनाऱ्यापासून व्हर्जिनियातील यॉर्कटाउनपर्यंत सुमारे ६,८०० किलोमीटरचा मार्ग आखला. तो मुद्दामच महामार्ग टाळून लहान गावांच्या आडरस्त्यांनी नेला होता. १९७६च्या उन्हाळ्यात चार हजारांहून अधिक लोक त्यावर उतरले आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांनी तो संपूर्ण पार केला. मुक्कामाची सोय चर्चमध्ये, कॉलेजच्या वसतिगृहांत आणि सुटीत रिकाम्या असलेल्या शाळांच्या व्यायामशाळांत केलेली होती. शिर्मान यांचा तोडगा ६७ वर्षांनी, दुसऱ्या खंडात, आणि या वेळी सायकलस्वारांच्या कामी आला होता. तो मार्ग अजूनही वापरात आहे.

आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी यांचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचे पुस्तक भेट मिळाल्यावर भारतापर्यंत सायकलने जाण्याचे त्यांनी ठरवले होते. आजारी आईच्या शुश्रूषेत वर्षे गेल्यामुळे १९६३ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांना निघता आले. ऐन कडाक्याच्या हिवाळ्यात युरोप ओलांडून त्या इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे दिल्लीला पोहोचल्या. त्यानंतर नेपाळ, इथियोपिया, बाल्टिस्तान अशी दूरची मुशाफिरी झाल्यावर, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, हिंसाचाराने धुमसणाऱ्या उत्तर आयर्लंडमध्ये त्या सायकल घेऊन शिरल्या. त्यांच्या घरापासून काही तासांच्या अंतरावरच्या या भागाबद्दल दक्षिणेतल्या बहुतेकांचे मत वर्तमानपत्रांवरून बनलेले होते. सायकलवर एकटी आलेली मध्यमवयीन बाई कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही पक्षांच्या वस्त्यांत शिरू शकली आणि लोक तिच्याशी बोलले. मोटारीतून आलेल्या अनोळखी माणसाकडे त्या काळी तिथे संशयाने पाहिले जाई. परदेशात अंगवळणी पडलेली अनोळखी दारावर थाप मारण्याची सवय घराजवळ वापरली की काय हाती लागते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

या क्रमामागची कारणे पाहू गेल्यास पहिले कारण कागदपत्रांचे आहे. परदेशातल्या भटक्याचे वेळापत्रक व्हिसा ठरवतो: कुठे तीस दिवस, कुठे साठ, आणि सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपच्या शेंगेन प्रदेशात व्हिसामाफी असलेल्यांनाही १८० दिवसांत ९०. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर जाणाऱ्या सायकलला ही मुदत जाचक ठरते, आणि बसने फिरणाऱ्याला ती पुरते. स्वदेशात मुदत नाही, वाटेत पंक्चर काढण्यात किंवा पाऊस थांबण्याची वाट पाहण्यात आठवडा गेला तरी कोणी विचारत नाही. दुसरे कारण पैशाचे, आणि ते उघड आहे: परतलेल्या माणसाची थैली रिकामी असते, आणि सायकलला इंधन लागत नाही. तिसरे कारण मनाचे आहे. परदेशातून परतल्यावर घरच परके वाटू लागते, या अनुभवाची नोंद जॉन आणि जीन गलाहॉर्न या समाजशास्त्रज्ञांनी १९६३ साली केली. परक्या देशात जुळवून घेताना माणूस जसा आधी खचतो आणि मग सावरतो, तसाच चढउतार परतल्यावर दुसऱ्यांदा येतो, असे त्यांनी दाखवले. देशभराच्या सायकलयात्रेत घरी परतणे एका दिवसात उरकत नाही, ते काही महिन्यांवर पसरते. म्हणून तिचा अशांना उपयोग होत असावा, असे मला वाटते.

साधनांनीही हातभार लावला. सॅकमध्ये दहा-बारा किलोंत संसार मावतो हे एकदा कळले की तेच सामान कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत भरणे अवघड नसते. अडचण पावसाची होती, कारण कॅनव्हासच्या पिशव्या भिजत. १९८०च्या दशकाच्या आरंभी हार्टमुट ऑर्टलीब या जर्मन तरुणाला इंग्लंडमध्ये सायकलने फिरताना पावसाने गाठले, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकची ताडपत्री पाहून त्याने त्याच कापडाच्या पिशव्या शिवल्या. तोंड गुंडाळून बंद करायच्या या पिशव्यांचा नमुना पुढे सर्रास झाला.

गेल्या काही दशकांत सरकारांनीही यात लक्ष घातले आहे. ब्रिटनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे सायकलमार्ग झाले, १९९५ साली लॉटरीच्या निधीतून राष्ट्रीय सायकलजाळ्याला पैसा मिळाला, आणि युरोपात अनेक देश जोडणारे ‘युरोव्हेलो’ मार्ग आखले गेले. न्यूझीलंडची कथा या विषयाला विशेष लागू पडते. शिक्षण संपले की वर्ष-दोन वर्षे परदेशी जाऊन काम करत हिंडणे हा त्या देशात जवळजवळ रिवाजच आहे. २००९ साली मंदीत रोजगार कसा निर्माण करावा यावर तिथे परिषद भरली, तेव्हा देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत एकच सायकलमार्ग बांधावा अशी सूचना पुढे आली. सलग मार्ग काही झाला नाही. त्याऐवजी नदीकाठांतून, जुन्या रेल्वेवाटांवरून आणि रानातून जाणारे वीसहून अधिक सुटे मार्ग तयार झाले. २०१६ साली सायकलस्वारांनीच हे तुकडे साध्या रस्त्यांनी जोडून केप रेइंगा ते ब्लफ असा सुमारे ३,००० किलोमीटरचा प्रवास आखला. त्यात ना शर्यत असते ना बक्षीस. तो किमान दहा आणि कमाल तीस दिवसांत पुरा करावा, अशी अट असते.