बनावट अँटिव्हायरस

बनावट अँटिव्हायरस : संगणकात नसलेला विषाणू सापडल्याचे भासवून तो काढण्याच्या नावाखाली पैसे उकळणारी, किंवा त्याच आडून दुसरी घातक आज्ञावली संगणकात शिरवणारी प्रणाली. ‘रोग सिक्युरिटी सॉफ्टवेअर’ (इंग्रजी ‘rogue’, म्हणजे लबाड) आणि ‘स्केअरवेअर’ या दोन संज्ञा तिच्यासाठी सरसकट वापरल्या जातात. त्यांपैकी दुसरी अधिक व्यापक आहे. धाक दाखवून वापरकर्त्याकडून काहीही करवून घेणारी कोणतीही आज्ञावली तिच्यात मोडते. निकृष्ट पण प्रामाणिक अँटिव्हायरस या व्याख्येत बसत नाही. ही सीमारेषा मात्र वाटते तितकी स्पष्ट नाही, आणि तिच्यावरून न्यायालयीन वादही झाले आहेत.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. काही जण तो १९८८ च्या सुमारास नेतात. त्या काळी आज्ञावलींची देवाणघेवाण टेलिफोनवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर होई. रॉस ग्रीनबर्ग यांची ‘फ्लू-शॉट’ ही आरंभीच्या विषाणूरोधक आज्ञावलींपैकी एक. तिचीच पुढची आवृत्ती असल्याची बतावणी करणारी ‘फ्लूशॉट-४’ ही फाइल बुलेटिन बोर्डांवर फिरू लागली आणि ती ट्रोजन, म्हणजे उपयुक्ततेचे सोंग घेतलेली घातक आज्ञावली, निघाली. घातक फाइलींची नोंद ठेवणाऱ्या ‘डर्टी डझन’ या यादीत तिच्याविषयी इशारा आहे. त्यानंतरची खरी आवृत्ती ‘फ्लू-शॉट प्लस’ या नावाने आली. रक्षकाचे सोंग येथे पूर्ण दिसते, पण पैशाची मागणी नाही. दुसरा पक्ष डिसेंबर १९८९ मधील ‘एड्स’ ट्रोजनकडे बोट दाखवतो. टपालाने आलेल्या डिस्केटमधून तो संगणकात शिरे, काही काळाने फाइलींची नावे दडवी आणि १८९ डॉलर पनामातील टपालपेटीवर पाठवायला सांगे. येथे मागणी आहे, पण सोंग अँटिव्हायरसचे नाही. त्यामुळे हा ट्रोजन खंडणीखोर आज्ञावलींचा पूर्वज मानणे अधिक योग्य.

सोंग, खोटे निदान आणि पैशाची मागणी हे तिन्ही घटक एकत्र आल्याचे २००४ च्या आसपास निश्चितपणे दिसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २००४ मध्ये दाखल केलेल्या एका तक्रारीत त्याचा तपशील आला आहे. ब्राउझरमधील त्रुटीचा फायदा घेऊन संगणकावर जाहिरातींचा भडिमार केला जाई. मग सीडी-रॉमचा खण आपोआप बाहेर येई आणि पडद्यावर मजकूर झळके : तुमचा खण उघडला असेल, तर हेरगिरी करणाऱ्या आज्ञावली तातडीने काढणे तुम्हाला नितांत गरजेचे आहे, ‘स्पाय वायपर’ आत्ताच उतरवून घ्या. ज्याने रोग लावला तोच औषध विकत होता. प्रस्तुत नोंदीत याच काळापासूनचा इतिहास विचारात घेतला आहे.

प्रसार : २००५ पासून ‘स्पायशेरिफ’ आणि ‘विनफिक्सर’ या नावांखाली हा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून ‘सिक्युरिटी सेंटर’ आणले होते. लाल-पिवळ्या-हिरव्या ढालीची ती खूण, कोपऱ्यात उमटणारा फुगा आणि ‘तुमचा संगणक धोक्यात असू शकतो’ ही भाषा लोकांच्या अंगवळणी पडली होती. बनावट प्रणालींनी नक्कल केली ती याच ओळखीच्या चेहऱ्याची. इशारा दिसला की तो मनावर घ्यायचा, हे लोक खऱ्या प्रणालींकडूनच शिकले होते. फसणाऱ्यांना अडाणी म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

या व्यवसायाची अंतर्गत रचना बऱ्यापैकी उजेडात आली ती फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ आणि इतरांविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यामुळे. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ आणि एक्सपी अँटिव्हायरस ही सारी याच कंपनीची उत्पादने. १० लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचा कमिशनचा आरोप होता. प्रतिष्ठित संस्थांच्या वतीने जाहिराती देत असल्याची बतावणी करून ही मंडळी जाहिरातजाळ्यांकडून जागा घेत. जाहिरातीत अशी सोय केलेली असे, की जाहिरातजाळ्याच्या कार्यालयातून पाहणाऱ्याला साधी जाहिरात दिसावी आणि बाहेरच्या वाचकाला मात्र खोट्या तपासणीचे पान. तक्रार आली तरी तपासणाऱ्याला काहीच सापडत नसे. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रकरणात १६.३ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला.

सिमँटेक या संगणकसुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार जुलै २००८ ते जून २००९ या वर्षभरात अशा २५० हून अधिक प्रणालींकडून संगणकात शिरण्याचे ४.३ कोटी प्रयत्न नोंदले गेले. त्यांतील आघाडीच्या ५० प्रणालींच्या बाबतीत ९३ टक्के वेळा वापरकर्त्याने ती स्वतःहून उतरवून घेतली होती. एप्रिल २००९ मध्ये ‘कॉनफिकर’ या गाजलेल्या किड्याच्या (वर्म, म्हणजे जाळ्यातून आपोआप पसरणारी घातक आज्ञावली) एका आवृत्तीने बाधित संगणकांवर ‘स्पायप्रोटेक्ट २००९’ ही बनावट प्रणाली बसवली. कॉनफिकरमागील अर्थकारणाचा बहुधा हाच सर्वांत उघड पुरावा. मे २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’मुळे मॅक संगणकही या जाळ्यात आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अ‍ॅपलने ते ओळखून काढणारी सुधारणा प्रसृत केली.

२०११ च्या उत्तरार्धापासून हा प्रकार ओसरला. जून २०११ मधील आंतरराष्ट्रीय पोलीस कारवाईकडे काही जण याचे श्रेय देतात. त्या कारवाईतील एका टोळीने ९ लाख ६० हजार लोकांकडून ७.२ कोटी डॉलर उकळल्याचे अमेरिकी तपासयंत्रणेने सांगितले. दुसरे मत असे, की कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्या मध्यस्थांवर दबाव आल्याने धंद्याची नाडी तुटली. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये अशा तीन टोळ्यांचे हिशेब अभ्यासले. तिघींची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या वर होती. बँकांकडे जाणाऱ्या तक्रारी वाढू नयेत म्हणून त्या टोळ्या काही ग्राहकांना पैसे परतही करत. पैसे स्वीकारणारा मध्यस्थ हाच साखळीचा सर्वांत कच्चा दुवा असल्याचे यावरून दिसते. म्हणून दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे.

ओळख : नावावरून किंवा रूपावरून बनावट प्रणाली ओळखता येत नाही, कारण नक्कल हेच तिचे काम. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ आणले आणि लवकरच ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स २०१०’ नावाची बनावट प्रणाली फिरू लागली. एक कुळी तर संगणकावरील विंडोजची आवृत्ती पाहून स्वतःचे नाव बदलत असे. एक्सपीवर एक, व्हिस्टावर दुसरे, विंडोज ७ वर तिसरे. पाहायची असते ती वागणूक.

पहिली कसोटी म्हणजे तपासणी चालते कोठे. ब्राउझरमधील कोणतेही पान वापरकर्त्याच्या डिस्कवरील फाइली आपण होऊन चाळू शकत नाही. तेव्हा ‘तुमच्या संगणकात ३४ विषाणू सापडले’ असे एखादे संकेतस्थळ सांगत असेल, तर ते खोटेच. जुन्या बनावट पानांवर विंडोज एक्सपीतील ‘माय कॉम्प्युटर’ची खिडकी हुबेहूब काढलेली असे : सी आणि डी ड्राइव्हची चित्रे, खाली सरकणारी हिरवी पट्टी, भराभर पळणारी फाइलींची नावे आणि शेजारी वाढत जाणारा लाल आकडा. हेच पान मॅकवर किंवा लिनक्सवर उघडले तरी त्यात सी ड्राइव्ह दिसे, जो त्या संगणकात नसतोच. फाइलींची नावे पानातच लिहून ठेवलेली असत, म्हणून पान पुन्हा उघडले की तीच नावे त्याच क्रमाने येत. खरी संपूर्ण तपासणी बराच वेळ घेते. ही काही सेकंदांत आटोपते.

दुसरी कसोटी पैशाची. खरा अँटिव्हायरसही वर्गणी मागतो, पण ‘सापडलेले काढायचे असेल तर आधी कार्डाचा क्रमांक’ अशी अडवणूक, तीही आपण न बसवलेल्या प्रणालीकडून झाली, तर शंका घ्यायला जागा उरत नाही. टास्क मॅनेजर (चालू आज्ञावली दाखवणारी व बंद करणारी विंडोजची खिडकी) न उघडणे, आधीचा अँटिव्हायरस ‘बाधित’ ठरवून बंद केला जाणे, सुरक्षाविषयक संकेतस्थळेच तेवढी न उघडणे ही आत शिरकाव झाल्याची लक्षणे होत. इशाऱ्यात फोन क्रमांक दिलेला असेल तर तो फसवणुकीचाच समजावा. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यांत फोन क्रमांक नसतो.

निर्मूलन : पडद्यावर दिसते ते नुसते पान आहे, ब्राउझरमधून येणारी सूचना आहे की बसलेली प्रणाली, हे आधी ठरवावे.

पानच असेल तर त्यावरील कोणत्याही बटणाला हात लावू नये. ‘रद्द करा’ आणि कोपऱ्यातील फुलीसुद्धा बऱ्याचदा चित्राचाच भाग असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर तेथून बंद करावा आणि पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणू नयेत. एवढ्याने काम भागते.

आज बऱ्याचदा आढळतो तो सूचनांचा प्रकार. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने ‘पुढे जाण्यासाठी अनुमती द्या’ असे म्हटलेले असते आणि आपण ती दिलेली असते. मग नामांकित अँटिव्हायरसचे चिन्ह लावलेल्या, ‘मुदत संपली’ म्हणणाऱ्या पट्ट्या पडद्याच्या कोपऱ्यात येऊ लागतात. संगणकात काही बसलेले नसल्याने तपासणीत काही सापडत नाही आणि लोक हवालदिल होतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये संकेतस्थळांच्या परवानग्यांत सूचनांची यादी असते. तेथील अनोळखी पत्ते काढून टाकले की पट्ट्या थांबतात.

बसलेली प्रणाली काढण्याचे सूत्र असे : आधी तिला थांबवावे, मग काढावे, मग तिने बदललेले पूर्ववत करावे. इंटरनेट तोडून संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक आज्ञावलींसह, सुरू करावा. विंडोज ७ पर्यंत त्यासाठी सुरू होताना एफ-८ दाबत. विंडोज ८ पासून शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ निवडतात. काढणारी साधने दुसऱ्या, निरोगी संगणकावर त्यांच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवून पेन ड्राइव्हने आणावीत. बनावट प्रणाली कोणतीही आज्ञावली उघडू देत नसेल तर ‘आर-किल’सारखे साधन चालू प्रक्रिया थांबवते, ते काही काढत नाही, म्हणून त्यानंतर संगणक पुन्हा सुरू न करता लगेच ‘मालवेअरबाइट्स’ किंवा तत्सम साधनाने तपासणी करावी. नावावरून अडवणूक होत असल्यास साधनाच्या फाइलीचे नाव ‘एक्सप्लोरर’ असे बदलण्याची युक्ती जुनी असली तरी उपयोगी पडते. विंडोज १० आणि ११ मधील डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच चालते, त्यामुळे प्रणालीच्या मुळाशी लपून बसणाऱ्या घातक आज्ञावलींवर (रूटकिट) ती अधिक परिणामकारक ठरते.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि तेथेच घात होतो. ब्राउझरच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये (इंटरनेटची ये-जा कोणत्या मध्यस्थामार्फत करायची ते ठरवणारी नोंद) १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता राहिला, तर बनावट प्रणाली गेल्यावर इंटरनेटच चालत नाही. होस्ट्स फाइलीत (संकेतस्थळांची नावे कोणत्या पत्त्यावर न्यायची ते सांगणारी फाइल) घुसवलेल्या ओळी राहिल्या, तर अँटिव्हायरसची संकेतस्थळे बंदच राहतात. सर्वांत फसवा बदल रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातला : प्रत्येक ‘ईएक्सई’ फाइल (आज्ञावली सुरू करणारी फाइल) आधी बनावट प्रणालीकडे पाठवण्याची व्यवस्था करून ठेवलेली असते. हे दुरुस्त न करता नुसती तिची फाइल पुसली, तर एकही आज्ञावली उघडत नाही आणि घरच्यांना संगणकच बिघडल्यासारखे वाटते. कार्डाचा क्रमांक दिला असल्यास बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. हे काम साफसफाईच्या आधीचे. ते दुसऱ्या दिवसावर टाकू नये. दूरस्थ व्यक्तीला संगणकाचा ताबा दिला गेला असेल, किंवा सफाईनंतरही लक्षणे परत येत असतील, तर कागदपत्रांची प्रत काढून विंडोज नव्याने बसवावे.

बनावट कोणाला म्हणावे : विषाणू अजिबात न शोधणारी प्रणाली बनावट, हे सर्वमान्य. पण जी थोडेफार काम करते आणि दोष फुगवून सांगते, तिचे काय? ‘मालवेअरबाइट्स’ने ‘एनिग्मा सॉफ्टवेअर’च्या उत्पादनांना संभाव्य नकोशा आज्ञावली ठरवले, तेव्हा हा वाद न्यायालयात गेला. स्पर्धेच्या हेतूने असा शिक्का मारला असल्यास कायद्याचे संरक्षण मिळणार नाही, असे अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. शिक्का योग्य होता की नाही, हे त्या निकालाने ठरवले नाही. त्याच वर्षी ‘ऑफिस डेपो’ आणि ‘सपोर्ट डॉट कॉम’ यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांच्या मोफत तपासणीत ग्राहकाने ‘पॉप-अप त्रास देतात’ अशा तक्रारींपुढे खूण केली, की तेवढ्यावरच बाधेची लक्षणे आढळल्याचा निष्कर्ष निघे, असे कमिशनचे म्हणणे होते. २०२४ मध्ये ‘रेस्टोरो’ आणि ‘रीइमेज’ या सायप्रसस्थित कंपन्यांनीही २.६ कोटी डॉलरवर तडजोड केली. म्हणजे नोंदणीकृत, पत्ता असलेल्या कंपन्याही या वर्तुळात येतात.

मोबाइल : एप्रिल २०१४ मध्ये गूगल प्लेवर ३.९९ डॉलरला विकले जाणारे ‘व्हायरस शील्ड’ हे अ‍ॅप स्पर्श केल्यावर ढालीवरील फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवण्यापलीकडे काहीच करत नसल्याचे उघड झाले. तोवर ते १० हजारांहून अधिक वेळा उतरवले गेले होते. ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ या संस्थेने २०१९ मध्ये अँड्रॉइडवरील २५० अँटिव्हायरस अ‍ॅप तपासले, त्यांपैकी ८० च ३० टक्क्यांहून अधिक घातक अ‍ॅप ओळखू शकले. आयफोनवर एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या फाइली वाचता येत नाहीत, त्यामुळे तेथे संपूर्ण फोनची विषाणूतपासणी केल्याचा कोणत्याही अ‍ॅपचा दावा खरा असू शकत नाही.